ऊन पडलं म्हणजे उतार सुरक्षित?

प्रश्न : फेब्रुवारीत गुलमर्गला गंडोलाने वर जाऊन गस्तीच्या हद्दीबाहेर स्कीइंग करायचं आहे. बर्फ पडून गेल्यावर ऊन असेल, तर हिमस्खलनाची भीती नाही ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बेत रद्द करू नका, पण उन्हावर विसंबूही नका. ऊन असलं तरी ताजा बर्फ स्थिरावायला वेळ लागतो. पहिले एक-दोन दिवस फार धोक्याचे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर थर बहुधा स्कीअरच्याच वजनाने सुटतो. फेब्रुवारी २०२३मध्ये गुलमर्गच्याच अफरवट शिखरावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले. स्थानिक गाइड घ्याच. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं आणि वापरण्याचा सरावही; गाडलेल्याला साधारण १५ मिनिटांत काढावं लागतं, तोवर बचावपथक क्वचितच पोचतं. गाइड नको म्हणाला, तर त्या दिवशी हद्दीतच स्कीइंग करा.