मुलाखत : दुकानाचे काम सांगायला लाजू नका



वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड येथील आपली मुले शिकून नोकरीच्या मुलाखतीला जाऊ लागली आहेत. मुलगा हुशार असतो. पण ‘आजवर काय काम केले?’ असे विचारले की ‘काहीच नाही’ म्हणून येतो. वास्तविक शाळेपासून प्रत्येक सुट्टीत तो अब्बांच्या गल्ल्यावर किंवा शिलाई मशीनवर बसलेला असतो. ते सांगायची त्याला लाज वाटते. ही लाज घरातूनच काढली पाहिजे.

मुलाखत कोठे असते?
केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीतही मुलाखत नाही. मात्र बहुतेक बँकांच्या अधिकारी (पीओ) भरतीत ती १०० गुणांची असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत २७५ गुणांची. खाजगी कंपनीत तर बहुधा मुलाखतीवरच निवड होते.

आपली ओळख
जालना जिल्ह्यातील शेलगावचे अन्सार शेख यांचे वडील रिक्षाचालक. अन्सार २०१६ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात ३६१ वा क्रमांक मिळवून आय.ए.एस. झाले. पुण्यात राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना मित्राचे ‘शुभम’ हे नाव सांगावे लागले होते. पण आयोगाच्या मुलाखतीत ‘शिया की सुन्नी?’ असे विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, मी भारतीय मुसलमान आहे. हे दोन्ही अनुभव त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहेत. अवघड प्रश्नाला चिडून नव्हे, थोडक्यात व खरे उत्तर द्यावे, हा त्यातला सबक.

तयारी कशी करावी?

१) काम आकड्यांत सांगा. ‘दुकानात मदत करतो’ एवढ्याने भागत नाही. ईदच्या हंगामात रोज किती गिऱ्हाईक सांभाळले, उधारीची वही, स्टॉक, जीएसटीचे बिल यांपैकी काय पाहिले, ते सांगा.

२) वाढवून सांगू नका. टेरीकॉट सुती म्हणून विकले तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. येत नसेल ते ‘येत नाही, शिकेन’ म्हणा.

३) उर्दू माध्यमाच्या मुलांनी भाषेला भिऊ नये. लहान वाक्यांत साधी मराठी बोलावी. लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उर्दूतून दिल्यास मुलाखतही उर्दूतून देता येते.

४) कपडा महाग नको, मापाचा हवा. एस.टी.ने अकोल्यापर्यंत जाता जाता सुती शर्ट चुरगळतो, टेरीकॉट टिकतो. कोरा शर्ट आधी एकदा धुऊन इस्त्री करावा.

५) पगार, कामाची वेळ, जुम्म्याच्या नमाजाची सुट्टी हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी अदबीने विचारावे. सौदा पक्का झाल्यावर अटी काढणे व्यापारातही शोभत नाही.

दुकान बंद झाल्यावर रोज पंधरा मिनिटे मुलाला किंवा मुलीला समोर बसवा व अनोळखी माणसासारखे प्रश्न विचारा. पहिला प्रश्न हाच असू द्या : ‘तुमचे वडील काय करतात, आणि तुम्ही त्यांच्याकडून काय शिकलात?’ याचे उत्तर मान वर करून देता आले की निम्मी तयारी झाली.