वेबसाइट काढण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे प्रश्न टिपा

हल्ली आपले अनेक व्यापारी बांधव दुकानाची वेबसाइट करून घेतात. तीत मालकाचा फोटो असतो, दुकानाचा इतिहास असतो आणि ‘वाजवी भाव, उत्तम दर्जा’ ही ओळ असते. परंतु भिवंडी-मालेगावचे कापड शोधणाऱ्या परगावच्या गिऱ्हाइकाला हवी ती माहिती मिळत नाही. ते फोनही करीत नाही, दुसऱ्याची वेबसाइट उघडते. गिऱ्हाईक हातचे गेले, हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

यावर उपाय सोपा आहे. वेबसाइट बनविणाऱ्याकडे जाण्यापूर्वी १५ दिवस गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. दुकानात व फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत टिपावा. मग कोणता प्रश्न कोणाचा, हे वेगळे करावे. कापडाच्या धंद्यात साधारणपणे तीन गट पडतात :

१) तयार कपड्यांचा कारखानदार : त्याचा पहिला प्रश्न पन्ह्याचा. ४४ इंच की ५८ इंच, यावर त्याची सारी कटिंग अवलंबून असते. केंब्रिकपुढे नुसते ‘उत्तम’ न लिहिता ६०×६०/९२×८८ असे लिहावे. पहिले दोन आकडे ताण्या-बाण्याच्या सुताचे काउंट, पुढचे दोन एका इंचातील धागे. धुतल्यावर कापड किती आटते, तेही द्यावे.

२) परगावचा दुकानदार : किमान किती ताके घ्यावे लागतील, ताका किती मीटरचा, भाडे कोणाकडे, माल किती दिवसांत मिळेल, हे तो विचारतो. सुताचे भाव हलतात, म्हणून दरापुढे तारीख घालावी.

३) घरगुती ग्राहक : रंग जाईल का, माल परत घेता का? पडद्यावर रंग थोडा वेगळा दिसतो, हे स्पष्ट लिहावे. वेबसाइटवरून थेट विक्री करणाऱ्यांना २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू आहेत. नाव-पत्ता, परतीच्या अटी व तक्रार अधिकाऱ्याचे नाव देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते.

पहिल्या पानावर या तिघांसाठी तीन वेगळ्या वाटा ठेवाव्यात. फोन नंबर प्रत्येक पानावर असावा. मालकाचा परिचय शेवटी, चार ओळींत पुरे.

वेबसाइट तयार झाल्यावर धंद्याबाहेरच्या एखाद्याच्या हाती मोबाइल द्यावा आणि ‘५८ इंची केंब्रिकचा भाव शोधा’ असे सांगून गप्प बसावे. तो जेथे अडेल तेथे दुरुस्ती करावी. वही मात्र बंद करू नये. एकच प्रश्न फोनवर वारंवार येत असेल, तर त्याचे उत्तर वेबसाइटवर नाही किंवा सापडत नाही, असे समजावे.