ममीच्या रक्तवाहिनीतलं कॅल्शियम

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना जिल्ह्याच्या गावी नेलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा आहे हे कळल्यावर सीटी स्कॅनवाल्याने मला काचेआड शेजारी उभं राहू दिलं. पडद्यावर करड्या हृदयाच्या कडेने पांढरे ठिपके होते, साखरेचे दाणे सांडावेत तसे. "हे कॅल्शियम. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलंय," तो म्हणाला.

अण्णा ५४ वर्षांचे. दिवसभर शेतात पायपीट, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तरी परतताना गाडीत मी त्यांना नको तेवढं बोललो. पुरणपोळीवरचं तूप, रात्रीचं उशिरा जेवण, सगळं काढलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

हॉस्टेलवर आल्यावर सबमिशन बाजूला ठेवून सीटीबद्दल वाचत बसलो, आणि त्यात ममी भेटल्या!

आधी यंत्राचं सांगतो. साध्या एक्स-रेमध्ये सगळ्या सावल्या एकावर एक पडतात. सीटीमध्ये नळी शरीराभोवती फिरते आणि प्रत्येक किरण वाटेत जे लागलं त्याची फक्त बेरीज सांगतो. २ बाय २ चा चौकोन काढा, त्यात चार आकडे लिहून झाका आणि रूममेटला फक्त आडव्या, उभ्या, तिरक्या बेरजा सांगा. तो चारही आकडे काढून दाखवेल. सीटीचं गणित तेच, फक्त चौकोन लाखो. हे गणित योहान राडॉनने १९१७ सालीच सोडवलं होतं. यंत्र केलं ते गॉडफ्रे हाउन्सफिल्डने, लंडनमध्ये पहिला पेशंट १९७१ साली. हा माणूस डिप्लोमावाला (डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांनी कॉलर ताठ करावी), आणि १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कॉर्मॅक यांच्याबरोबर त्याला मिळालं. त्याच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि कॅल्शियम वर शेकड्यांत.

ममी म्हणजे आदर्श पेशंट. श्वास नाही, ठोके नाहीत, किरणांच्या डोसची चिंता नाही. पण रक्त वाहत नसल्याने रंगद्रव्य सोडता येत नाही, आणि मऊ भाग सुकून गेलेला. उरतं ते कॅल्शियम. इजिप्तचे लोक ममी करताना फुप्फुसं, यकृत, आतडी काढत, पण हृदय शक्यतो जागेवर ठेवत, कारण मेल्यावर त्याचं वजन होतं अशी श्रद्धा. आपल्याला ती फायद्याची ठरली.

२००८ साली ग्रेगरी थॉमस या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी कैरोच्या संग्रहालयात फॅरो मेरेनप्ताच्या ममीजवळची पाटी वाचली. त्याच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या असं तीवर लिहिलेलं. त्यांना ते पटेना. मग कैरोचे डॉ. आदेल अल्लाम आणि इतर मंडळी मिळून ममी स्कॅन करायला लागली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची राजकन्या अहमोस-मेरितामुन चाळिशीत गेली, तिच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम निघालं.

राजघराणं, खाणंपिणं भारी, असं कोणी म्हणेल. म्हणून २०१३ च्या अभ्यासात १३७ ममी घेतल्या. इजिप्तबरोबर पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्युशियन बेटांवरचे शिकारी उनंगन लोक. धमनी ओळखू येते आणि तिच्या भिंतीत कॅल्शियम आहे, तर 'निश्चित'. धमनी गेली पण तिच्या वाटेवर कॅल्शियम आहे, तर 'बहुधा'. दोन्ही मिळून ४७ जणांत सापडलं. उनंगनांच्या फक्त ५ ममी होत्या, त्यातल्या ३ मध्ये! ना सिगारेट, ना वनस्पती तूप, ना मेसची भाजी. ज्यांच्यात कॅल्शियम होतं त्यांचं मरतानाचं सरासरी वय ४३, बाकीच्यांचं ३२. चुलीचा धूर आणि सततचे जंतुसंसर्ग हीही कारणं असावीत असं संशोधकांना वाटलं.

"मग खा बिनधास्त वडापाव!" असा अर्थ काढणारे आमच्या मजल्यावर निघालेच. त्यांच्यासाठी पुढची गोष्ट. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात, शेती, शिकार, मासेमारी करून. २०१७ साली त्यांच्यातल्या ७०५ जिवंत माणसांचे स्कॅन प्रसिद्ध झाले, ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम अजिबात नाही. जंतुसंसर्ग मात्र त्यांच्यातही भरपूर. म्हणजे राहणीमानाने फरक पडतो, आणि धूर-जंतूंचं कोडंही सुटत नाही. सीटी कॅल्शियम कुठे आणि किती ते सांगतं. का, ते सांगत नाही. मी मात्र गाडीत दहा मिनिटांत कारण काढून मोकळा झालो होतो.

रविवारी घरी फोन केला. अण्णांना राजकन्येची गोष्ट सांगितली. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी उगाच बोललो तुम्हाला."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "तिला बिचारीला गोळ्या कुठल्या मिळायला तेव्हा. मी घेतोय वेळेवर. तू जेवलास का?"