पडदा काळा पडला म्हणून हिशेब बुडत नाही

आपल्यातील अनेक छोटे व्यापारी व कारागीर आता उधारी, माल व मजुरीचा हिशेब घरच्या संगणकावर ठेवतात. काहींनी त्यावर लिनक्स घातला आहे. तो विनामूल्य मिळतो आणि त्याची प्रत वापरताना कोणाचा हक्क मारला जात नाही. पण एखाद्या सकाळी संगणक सुरू केला आणि पडदा काळाच राहिला, की माणूस घाबरतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल," आणि मालक होकार देऊन बसतो. फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणे. पडदा परत येतो, पण वर्षाची उधारी जाते.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. ते लिखाण देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांचीही अमानत आहे. म्हणून ते जपत पडदा कसा दुरुस्त करावा, याचा धडा आम्ही आज देत आहोत. उदाहरणासाठी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घेतली आहे.

दोष कोठे असतो?

चित्र दाखवण्याचे काम एक्सऑर्ग नावाचा प्रोग्रॅम करतो. तो ज्या पद्धतीवर चालतो ती १९८४ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत सुरू झाली. १९८७ साली तिची ११ वी आवृत्ती निघाली, म्हणून तिच्या फोल्डरला आजही एक्स-११ म्हणतात. कोणते ग्राफिक्स कार्ड आहे व कोणता ड्रायव्हर वापरायचा, हे पूर्वी एक्सऑर्ग.कॉन्फ या फाइलमध्ये लिहावेच लागे. आता एक्सऑर्ग कार्ड व मॉनिटर स्वतः ओळखतो. मात्र ती फाइल असली, तर तो तिचेच ऐकतो.

दोष बहुधा येथेच होतो. समजा, आपण जुने एनव्हिडिया कार्ड घेतले व त्याच्या साधनाने ही फाइल तयार केली. पुढे कार्ड जळाले, ते काढले आणि मॉनिटर मदरबोर्डला जोडला. कार्ड गेले, पण फाइलमध्ये त्याचेच नाव राहिले. एक्सऑर्ग नसलेले कार्ड शोधतो व बंद पडतो. हिशेबाच्या फाइलींचा यात काहीही संबंध नसतो.

दुरुस्तीचा क्रम

१) आधी केबल पाहा. कार्ड काढल्यावर केबल मदरबोर्डच्या जागेत हवी. सुरुवातीला कंपनीचे चिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर मॉनिटर व केबल ठीक आहेत.

२) कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ ही बटणे एकदम दाबा. अक्षरांचा साधा पडदा येईल. तेथे आपले नाव व पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, त्याने गोंधळू नये.

३) आता आदेश द्यायचे. आम्ही ते नागरीत छापत आहोत. आपण ते रोमन अक्षरांत, शब्दांमधील जागा सोडून लिहावेत. सर्व अक्षरे लहान लिपीतली. अपवाद दोन: एक्स-११ व एक्सऑर्ग.०.लॉग या नावांतला एक्स, आणि ईई ही अक्षरे मोठ्या लिपीत. पहिला आदेश:

ग्रेप ईई /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग

ईई म्हणजे चूक. ज्या ओळींत एनव्हिडियाचे नाव किंवा "नो स्क्रीन्स फाउंड" हे शब्द आले, त्या वहीत उतरवून घ्या.

४) मग फाइलचे नाव बदला:

सुडो एमव्ही /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.ओल्ड

फाइल पुसू नका, फक्त बाजूला करा. गरज पडली तर तिला जुने नाव परत देता येते. त्यानंतर "सुडो रीबूट" लिहा. एक्सऑर्ग स्वतः कार्ड ओळखेल व पडदा उजळेल.

५) पासवर्डचा पडदा नीट दिसतो, पण आत गेल्यावर अंधार होतो, असे असेल तर दोष बहुधा आपल्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असतो. घरच्या फोल्डरमधील .कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल ही फाइल असते. तिचेही नाव असेच बदला.

६) अक्षरांचा पडदाही आला नाही, तर संगणक सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या यंत्रांत एस्केप दाबावे लागते. यादी आली की पहिल्या नावावर ई दाबा. "लिनक्स" शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून "नोमोडसेट" हा शब्द लिहा व एफ-१० दाबा. चित्र ओबडधोबड असेल, पण काम करता येईल. हा उपाय त्या एका वेळेपुरता असतो. मूळ दोष वरील रीतीनेच काढावा लागतो.

दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी

एवढे करूनही यश आले नाही, तर पेन ड्राइव्हवर मिंट घालून संगणक त्यावरून सुरू करा. तो डिस्कवरची बिघडलेली फाइल वाचतच नाही, त्यामुळे पडदा बहुधा दिसतो. डिस्क उघडून हिशेबाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. ती प्रत उघडून पाहिल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये. दुरुस्तीवाला लबाड असतो असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला पडद्याची मजुरी मिळते. आपल्या उधारीचा जाब त्याला कोणी विचारणार नाही, तो आपल्यालाच द्यावा लागेल.

शेवटी दोन सवयी लावून घ्याव्यात. दर जुम्याला हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. आणि संगणकात काही बदल केला, कार्ड घातले वा काढले, तर तारखेसह वहीत लिहावे. म्हणजे पडदा पुन्हा काळा झाला, तर काय बदलले होते हे ती वहीच सांगेल.

अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.