यादीतली माणसं नीट मोजा
ग्राहकांचा तक्ता आणि आलेख करताना काय करावे, काय टाळावे

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला छोटा दवाखाना, फिजिओथेरपी केंद्र, क्लास, अभ्यासिका, पतपेढी किंवा विम्याचं कार्यालय चालवणाऱ्यांकडे आज बहुधा एक एक्सेल शीट असतेच. नाव, मोबाईल, वय, पत्ता. वर्षातून एकदा विश्वस्त, देणगीदार किंवा भागीदार विचारतात, ‘आपल्याकडे नेमकं येतं कोण?’ मग घाईघाईने एक गोल आलेख निघतो आणि त्यावर वेळा, फी, कर्मचारी ठरतात. या निर्णयांचा परिणाम ज्यांच्यावर होतो, ती माणसं त्याच शीटमधली एकेक ओळ आहेत. म्हणून तक्त्याने नोंदीत आहे तेवढंच सांगावं, आणि जे नोंदीत नाही तेही दाखवावं.

आधी प्रश्न

करा: तक्त्यातून कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात लिहा. ‘संध्याकाळची वेळ वाढवायची का?’ असा प्रश्न असेल तर वय, काम आणि येण्याची वेळ हे तीन रकाने पुरतात.

टाळा: ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून जात, धर्म, उत्पन्न विचारणं. ज्याचा उपयोग सांगता येत नाही, ते विचारू नका.

नोंद भरताना

करा: परिसर, लिंग, काम या रकान्यांना ड्रॉपडाऊन यादी लावा. ‘कांजूर’, ‘कांजुरमार्ग’, ‘कांजूरमार्ग पू.’ ही तुमच्यासाठी एकच जागा असली, तरी शीट त्या तीन वेगळ्या जागा मोजते.

करा: लिंगाच्या रकान्यात स्त्री, पुरुष, इतर आणि ‘सांगितलं नाही’ असे चार पर्याय ठेवा. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ हा पर्याय आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. आपल्या फॉर्ममध्ये तो पर्याय नसण्याला आता कारण उरलेलं नाही.

करा: कामाचा प्रश्न ‘पैसे मिळवून देणारं काही काम करता का?’ असा विचारा. घरून डबे देणारी, शिवणकाम करणारी, शिकवण्या घेणारी बाई ‘व्यवसाय’ विचारला की ‘गृहिणी’ सांगते आणि तिची कमाई तक्त्यातून गळते.

टाळा: माहिती नसेल तिथे शून्य, रेघ किंवा अंदाज टाकणं. ‘नोंद नाही’ हे शब्द सगळीकडे सारखे वापरा. वयाच्या रकान्यात मात्र सेल रिकामाच सोडा. तिथे शून्य टाकलं तर सरासरी वय खाली येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

टाळा: आकडे कधी देवनागरीत, कधी रोमन अंकांत टाकणं. शीट त्यांतले काही मजकूर म्हणून धरू शकते. खूण सोपी आहे: स्वतःहून सेलच्या उजवीकडे सरकला तो आकडा, डावीकडे राहिला तो मजकूर.

वयाचा रकाना

करा: वयाऐवजी जन्मतारीख घ्या आणि वय डेटेडिफ या सूत्राने काढा. दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं ‘३४’ आज चूक असतं.

करा: तारखेची पद्धत आधी तपासा. ०३/०४/१९८५ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर तो ४ मार्च समजतो. २५/०४/१९८५ मात्र त्याला कळत नाही, म्हणून ती तारीख मजकूर बनून राहते. एकाच रकान्यात काही तारखा उलट्या आणि काही मुक्या, असा घोटाळा होतो.

करा: जन्मतारीख माहीत नसेल तर ‘अंदाजे’ अशी खूण वेगळ्या रकान्यात करा. लोक अंदाजाने वय सांगतात तेव्हा ३०, ३५, ४० असे आकडे जास्त येतात. जनगणनेलाही ही अडचण नेहमीची आहे. पाच किंवा दहा वर्षांचे गट केले की तिचा त्रास कमी होतो.

टाळा: २०–३०, ३०–४० असे एकमेकांवर चढणारे गट. तीस वर्षांच्या माणसाने कुठे बसायचं? २० ते २९, ३० ते ३९ असे गट करा.

टाळा: गटाचं नाव ‘५-९’ असं टाइप करणं. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ‘५ ते ९’ लिहा.

पत्ता आणि परिसर

करा: ‘सध्या कुठे राहता?’ आणि ‘आधारवरचा पत्ता’ हे वेगळे प्रश्न माना. आधारवर रत्नागिरीचं किंवा साताऱ्याचं गाव आणि राहणं कांजूरला, अशी घरं इथे भरपूर आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या काळात तात्पुरत्या घरी गेलेल्यांचंही तेच.

करा: रुळांच्या पूर्वेला की पश्चिमेला, हा रकाना नक्की ठेवा. आजी गुडघ्यांच्या व्यायामासाठी येणार की नाही, हे पुष्कळदा स्टेशनचा पूल ठरवतो.

टाळा: फक्त पिनकोडवरून परिसर ठरवणं. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली, ती टपालाची वाटणी सोपी व्हावी म्हणून. ४०००४२ मध्ये कांजूरमार्ग पूर्वेबरोबर भांडुप पूर्वही येतं. ४०००७८ मध्ये कांजूरमार्ग पश्चिम आणि भांडुप पश्चिम एकत्र येतात. पिनकोड घ्या, पण वस्तीचं नावही लिहून घ्या.

तक्ता

करा: माणसं आणि भेटी वेगळ्या मोजा. समजा, महिन्याभरात १८० जणांनी मिळून ६४० भेटी दिल्या. भेटींच्या शीटवर थेट पिव्होट टेबल (ओळी गटांनुसार मोजून देणारा तक्ता) काढली तर आठवड्याला तीनदा येणारे ज्येष्ठ नागरिक बारा-बारा वेळा मोजले जातात आणि सगळी संस्थाच म्हातारी दिसू लागते. प्रत्येकाला एक क्रमांक द्या. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये डेटा मॉडेलची खूण करून ‘डिस्टिंक्ट काउंट’ निवडा. गूगल शीट्समध्ये ‘काउंटयुनिक’ आहे.

करा: मूळ यादीला कंट्रोल-टी दाबून टेबलचं रूप द्या, म्हणजे नव्या ओळी आपोआप धरल्या जातात. त्यानंतरही पिव्होट टेबल ‘रिफ्रेश’ करावी लागते. ते विसरलं की मागच्या महिन्याचे आकडे नव्या तारखेने छापले जातात.

करा: टक्क्यासोबत मूळ संख्या द्या. ‘६० टक्के स्त्रिया’ हे अर्धवट आहे. ‘१८० पैकी १०८’ हे पूर्ण आहे.

करा: ‘नोंद नाही’ ही ओळ तक्त्यात दाखवा. १८० पैकी ४० जणांचं वय माहीत नसेल, तर वयाचे टक्के १४० वर काढले आहेत हे तिथेच लिहा.

करा: उत्पन्न किंवा खर्चासाठी मध्यक द्या. आकडे क्रमाने लावले की मधोमध येतो तो मध्यक. पवईच्या टॉवरमधली दोन घरं यादीत आली की सरासरी वर उडते, मध्यक जागेवर राहतो.

टाळा: मोबाईल नंबर सारखा म्हणून दोन ओळी एक करणं. आई, मुलगी आणि आजोबा एकाच नंबरवर असतात.

टाळा: चार माणसांचे टक्के काढणं. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, स्थापना १९५६, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. त्या अहवालांत २५ पेक्षा कमी नोंदींवरची टक्केवारी छापत नाहीत, तिथे तारांकन असतं. २५ ते ४९ नोंदी असतील तर आकडा कंसात देतात. देशभराचं सर्वेक्षण करणारे एवढा संयम पाळतात, तो आपल्या छोट्या यादीला तर जास्तच लागू आहे.

आलेख

करा: वयोगटांसाठी आडव्या पट्ट्या वापरा. मराठी नावं लांब असली तरी सरळ वाचता येतात. गट वयाच्या क्रमाने लावा, परिसर मात्र मोठ्याकडून छोट्याकडे.

करा: आकडा पट्टीच्या टोकाशीच लिहा आणि शीर्षकात निष्कर्ष सांगा. ‘वयोगटानुसार ग्राहक’ यापेक्षा ‘दर तिघांत एक जण साठीच्या पुढचा’ हे शीर्षक सभेत उपयोगी पडतं.

करा: काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर आलेख वाचता येतो का, ते पाहा. सभेत बहुतेकांच्या हातात तीच असते.

टाळा: चारपेक्षा जास्त तुकड्यांचा गोल आलेख आणि कुठलाही त्रिमिती आलेख. त्रिमितीत पुढचा तुकडा आहे त्याहून मोठा भासतो.

टाळा: पट्ट्यांचा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू करणं. ५५ ची पट्टी ५२ च्या दुप्पट वाटू शकते.

तुलना

करा: आपली यादी परिसराशी ताडून पाहा. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती, त्यांपैकी स्त्रिया ४३,२५,६३९, म्हणजे सुमारे ४६ टक्के. तुमच्या केंद्रात त्या ६० टक्के असतील तर पुरुष का येत नाहीत, हा प्रश्न विचारायला हवा. कदाचित केंद्र ते कामावरून परतण्याआधी बंद होत असेल.

टाळा: ‘कांजूरमध्ये ज्येष्ठ नागरिक जास्त आहेत’ असं लिहिणं. तुमची यादी तुमच्यापर्यंत पोचलेल्यांचीच आहे. ‘आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक जास्त येतात’ एवढंच ती सांगू शकते.

टाळा: २०११ चे आकडे आजचे म्हणून देणं. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे येईपर्यंत प्रत्येक तुलनेखाली वर्ष लिहा.

माणसांची गुप्तता

करा: माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा तोच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. क्लासवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

करा: पाचपेक्षा लहान गट शेजारच्या गटात मिसळा. ‘कांजूर गाव, स्त्री, ८० वर्षांपुढे, १’ असं छापलं की नाव न लिहिताही आजी कोण ते गावाला कळतं.

टाळा: पिव्होट टेबल असलेली फाईल व्हॉट्सॲपवर पाठवणं. मूळ शीट काढून टाकली तरी टेबलच्या पोटात माहिती राहू शकते आणि आकड्यावर दोनदा क्लिक केलं की सगळी नावं बाहेर येतात. पीडीएफ पाठवा.

टाळा: आधारचा पूर्ण क्रमांक शीटमध्ये ठेवणं. ओळख पटवायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं आधार पाहा आणि ‘पाहिलं’ एवढी नोंद करा.

सभेला नेण्याआधी

प्रत्येक तक्त्याची बेरीज एकच येते का? खाली तारीख आणि एकूण संख्या आहे का? माणसं मोजली की भेटी, ते लिहिलंय का? ‘नोंद नाही’ दिसतंय का? यांपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तक्ता पुन्हा करा.

आणि सभेत तक्ता दाखवल्यावर त्यातून एक तरी बदल ठरवा: वेळ, फी, फलकाची भाषा किंवा पुलापलीकडे आठवड्यातला एक दिवस. लोकांनी आपली माहिती विश्वासाने दिली आहे. तिचा उपयोग त्यांच्यासाठी झाला, तरच ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.