गोधडीवरचा लॅपटॉप



गेल्या महिन्यात आपल्या वर्गातील एका मुलाने आजीने दिलेल्या गोधडीवर लॅपटॉप ठेवून गृहपाठ केला आणि तो तसाच चालू ठेवून तो जेवायला गेला. परत आला तेव्हा पंखा घोंघावत होता, तळाला हात लावता येत नव्हता आणि गोधडीला जळका वास येत होता. रविवारी त्याने आम्हाला विचारले, "पण त्याच्यावर तपासणीची खूण होती ना?" प्रश्न चांगला आहे. म्हणून हा धडा.

आधी शब्द

मराठीत उष्णतेच्या पायऱ्या आहेत : कोमट, ऊन, गरम, कढत. कोमट पाण्याने गुळण्या करतात. ऊन-ऊन भातावर तूप वितळते. कढत पाणी विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येत नाही. त्यापुढे चटका बसतो, हात पोळतो, कातडी भाजते.

मग अंश

यंत्रे तपासणारेही अशाच पायऱ्या मानतात, फक्त त्या अंश सेल्सिअसमध्ये मोजतात. आज लॅपटॉपसाठी आयईसी ६२३६८-१ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात. मानक म्हणजे सर्वांनी मान्य केलेली कसोटी. अमेरिकेत व युरोपात २० डिसेंबर २०२० पासून त्याने जुन्या ६०९५०-१ ची जागा घेतली. हात लागेल अशा भागाचे तापमान त्यात किती चालते ते पाहा :

१ सेकंदाहून कमी स्पर्श : धातू ७०, काच ८५, प्लॅस्टिक ९४
१ ते १० सेकंद : धातू ६०, काच ७१, प्लॅस्टिक ७७
१० सेकंद ते १ मिनिट : धातू ५१, काच ५६, प्लॅस्टिक ६०
१ मिनिटाहून जास्त : तिन्ही ४८

धातूला मर्यादा कमी का? स्वयंपाकघरात पाहा. गॅसवरचे पातेले सांडशीशिवाय धरवत नाही, पण त्यातला लाकडी डाव धरता येतो. धातू आपली उष्णता हाताला पटकन देतो. स्पर्श लांबला की हा फरक उरत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत तिन्ही आकडे सारखे आहेत.

खूण काय सांगत नाही

वरचे आकडे खोलीचे तापमान २५ अंश धरून आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला गेलात आणि बाहेर ४५ अंश असले, तर तळही साधारण तेवढाच, म्हणजे वीस अंशांनी, जास्त तापेल. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापरा असे लिहिलेले असते.

तपासणीत हवेचे झरोके मुद्दाम झाकूनही पाहतात. पण ते यंत्र धोकादायक होऊ नये म्हणून. झरोके झाकून रोज वापरायला ती परवानगी नव्हे.

चटका न बसताही इजा होते. २०१० साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो काही महिने रोज तासन्‌तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळत असे. त्याच्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उमटले. नावात 'लॅप' असले तरी जागा टेबलावरचीच!

जादा कार्डे

मोठ्या संगणकात चित्रांसाठी वेगळे कार्ड बसवतात. पीसीआय एक्सप्रेसची खाच त्याला ७५ वॅटपर्यंत वीज देते. जास्त लागली तर वेगळी वायर जोडतात. आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. २०२२ साली ६०० वॅटची सोळा पिनांची जोडणी आली. आता गणित : ६०० भागिले १२ व्होल्ट बरोबर ५० अँपिअर. ते सहा पिनांत वाटले, तर प्रत्येकीतून आठांहून अधिक. प्लग पूर्ण आत गेला नाही की पिना नीट टेकत नाहीत आणि टेकलेली जागा तापते. त्या वर्षी आरटीएक्स ४०९० कार्डांच्या काही जोडण्या अशाच वितळल्या. २०२३ मध्ये खूण सांगणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला ते कळते आणि पूर्ण वीज ओढली जात नाही.

तर उत्तर असे

खूण खरी होती, पण तिने टेबल गृहीत धरले होते, गोधडी नव्हे. खुणाही सारख्या नसतात : यूएल ही खूण स्वतंत्र प्रयोगशाळा तपासून देते, सीई ही लॅपटॉपवर निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो.

स्वाध्याय

१. घरातील लॅपटॉप बंद करून उलटा करा. तळावरच्या खुणा वहीत उतरवा. झरोके कुठे आहेत ते चित्रात दाखवा.
२. फरक सांगा : तापणे–तापवणे, भाजणे–पोळणे, कोमट–कढत.
३. बॅटरी फुगलेली दिसली, तर काय कराल? (दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, आईबाबांना लगेच सांगा.)
४. आजीला पाच ओळींचे पत्र लिहा : 'गोधडी सुखरूप आहे.'