एकच मजकूर सगळीकडे नको

व्यापारी बंधूंनो, नव्या मालाचा एकच मजकूर सगळीकडे टाकणे म्हणजे घाऊक आणि किरकोळ गिऱ्हाइकाला एकच भाव सांगणे!

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्याने आपला नंबर साठवलेला नाही त्याला पोचतच नाही. एकदा ईदच्या मालाचा निरोप धाडून मी वाट पाहत बसलो. बऱ्याच दुकानदारांकडे माझा नंबर साठवलेलाच नव्हता. सीझन गेला, तागे राहिले. आता बिल देतानाच नंबर साठवून घ्यायला लावतो. तिथे पन्हा, मीटरचा भाव, किमान किती तागे, एवढे पुरे.

स्टेटस २४ तासांत पुसले जाते. उरलेले तुकडे काढायला ते बरे. इन्स्टाग्रामवर लांब मजकूर दुमडला जातो, म्हणून भाव पहिल्या ओळीत. फोटो मात्र उन्हाच्या उजेडातलाच हवा, नाहीतर रंगावरून माल परत येतो.